आत्याच्या गोळ्या कमी करताना

2025 च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आत्याची क्लोनाझेपाम, म्हणजे झोपेची गोळी, पूर्ण बंद झाली. भास आणि आरडाओरडा आवरायला दिलेली रिस्पेरिडोन त्याआधीच, जुलैत सुटली होती. मार्चमध्ये हात घातलेलं काम दिवाळी उलटून गेल्यावर संपलं. ज्यांचं माणूस वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये आहे आणि कधीही भेटायला जा, ते झोपलेलंच दिसतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. नांदेडला एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. म्हणून पुढे आलेले डोस वाचून कुणी घरी तसं करू नये. पण कागद कसे मिळवायचे, कुणाला काय विचारायचं आणि किती धीर धरावा लागतो, एवढं यातून नक्की कळेल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय 79. औसा तालुक्यातलं गाव, मूलबाळ नाही. मामंजी, म्हणजे तिचे यजमान, गेल्यावर ती गावात एकटी राहू लागली. चूल पेटती ठेवून शेजारी जाऊन बसायची, तेच ते पुन्हा विचारायची. डॉक्टरांनी सुरुवातीचा स्मृतिभ्रंश सांगितला. जून 2024 मध्ये लातूरच्या एका केअर सेंटरमध्ये तिला ठेवलं. महिना 16,000 रुपये, औषधं वेगळी. पहिले चार-पाच महिने ती तिथे बरी रमली होती. शेंगा फोडत बसायची, सकाळी बाकीच्या आज्ज्यांना गोळा करून अभंग म्हणायची.

नोव्हेंबर 2024 मध्ये तिला लघवीचा संसर्ग झाला. ताप आला आणि दोन दिवसांत ती पार भ्रमिष्टासारखी बोलायला लागली. हातातली सलाईन उपसायची, भिंतीवर माणसं दिसतात म्हणायची. याला डेलिरियम म्हणतात, हे मला नंतर कळलं. म्हाताऱ्या माणसांत संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नुसती तुंबलेली लघवी किंवा बद्धकोष्ठता, यातल्या कशानेही तो होतो आणि मूळ कारण निघालं की बहुतेकदा ओसरतो. दवाखान्यात तिला रिस्पेरिडोन अर्धा मिलिग्रॅम सुरू केली. चार दिवसांनी ती परत सेंटरला आली.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, तिला शेतात न्यायचं म्हणून मी डिसेंबरअखेर गेले, तर आत्या उठतच नव्हती. कडब्याच्या खोपीपुढे बसून भज्जी-आंबील खाणं हा तिचा वर्षाचा सण. मी डब्यातली भज्जी तिच्या ओठाला लावली, तर तोंडातच धरून बसली, गिळेना. हात कडक झाले होते, तोंडातून लाळ येत होती. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "आता वय झालं ना ताई, आजार वाढणारच." मग फेब्रुवारीत पहाटे संडासला जाताना ती पडली. कपाळाला टाके पडले. सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण त्या एका दिवसात साडेपाच हजार गेले.

टाके काढायला गेले तेव्हा मी मॅडमना म्हटलं, औषधांचा तक्ता दाखवा. त्यांनी वही पुढे केली. तक्त्यावर रात्रीच्या रकान्यात एक गोळी होती, तिचं नाव कंपनीचं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात वाचलं तर रिस्पेरिडोन 2 मिलिग्रॅम आणि ट्रायहेक्सीफेनिडिल 2 मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात. खाली क्लोनाझेपाम 0.5, पुढे 'एसओएस' म्हणजे लागली तरच. आणि रकान्यात मात्र डिसेंबरपासून एकही रात्र न गाळता बरोबरची खूण.

हे कसं झालं असेल याचा उलगडा पुढे डॉक्टरांनी केला, पण तो इथेच सांगते, कारण अशी साखळी आणखी किती तरी घरांत सापडेल. आत्या रात्री ओरडते म्हणून सेंटरला येणाऱ्या डॉक्टरांनी रिस्पेरिडोन वाढवली. रिस्पेरिडोनने अंग कडक होतं, हात थरथरतात, पाय घासत चालावं लागतं, हुबेहूब कंपवातासारखं. त्यावर उतारा म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल. ते औषध म्हाताऱ्यांचा गोंधळ वाढवतं, तोंड कोरडं करतं, शौचाला आणि लघवीला अडवतं. गोंधळ वाढला की माणूस रात्री जास्त ओरडतं. मग झोपेसाठी क्लोनाझेपाम. तिचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण दीड दिवस लागतो, म्हातारपणी त्याहून जास्त, आणि रोज दिली तर ती साठत जाते. म्हणून दिवसाही झोप, तोल जाणं, पडणं. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीने केलेल्या त्रासावरची होती.

तक्त्याचा फोटो काढू का विचारलं, तर "आतले कागद बाहेर देत नाही" असं उत्तर आलं. मी वाद घातला नाही. दोन अर्ज केले, एक सेंटरला आणि एक नोव्हेंबरमध्ये आत्या दाखल होती त्या दवाखान्याला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितले तर कागद 72 तासांत द्यायचे आहेत, ही ओळ अर्जात घातली. दवाखान्याने पोच दिली आणि तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि औषधांच्या नोंदींच्या झेरॉक्स मिळाल्या, 180 रुपये. डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं: रिस्पेरिडोन 0.5, 7 दिवस, नंतर पुन्हा दाखवणे. ती सात दिवसांची गोळी मार्चपर्यंत चालू होती, चौपट होऊन.

सेंटरचा प्रश्न होता, तुमचा अधिकार काय? मी मुलगी नाही, भाची. इथे मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 कामी आला. त्यात माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. स्टँप पेपर, नोटरी काही लागत नाही. सकाळी अकराच्या सुमारास, आत्या त्यातल्या त्यात जागी असते तेव्हा, मी तिला कागद वाचून दाखवला. "तुझ्या दवापाण्याचं मी बघू का, आत्या?" ती म्हणाली, "तूच बघायलीस की सगळं." अंगठा घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. हा कागद दाखवल्यावर सेंटरने तक्त्याची प्रत दिली. ज्यांचं माणूस आज शुद्धीत आणि समजून उमजून बोलतंय, त्यांनी हा कागद आजच करून ठेवावा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरच्याच एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली. नंबर लावून दहा दिवस थांबावं लागलं. फी 700 रुपये. जाताना मी सगळ्या पट्ट्या, झेरॉक्स, आणि एका कागदावर तारखांचा क्रम लिहून नेला होता: कधी दाखल, कधी कुठली गोळी, कधी पडली. डॉक्टरांनी तो कागद पाच मिनिटं शांतपणे वाचला. मग आत्याचं मनगट हातात घेऊन कोपरात वाकवून पाहिलं. हात सरळ येत नव्हता, दात्याच्या चाकासारखा अडकत अडकत येत होता. तिला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. आडवी असताना वरचं 138, उभं राहिल्यावर 112. उभं राहताच वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर ते धोक्याचं, असं ते म्हणाले. पहाटे अंथरुणातून उठून संडासकडे निघालेली आत्या का पडली, ते तिथेच कळलं.

त्यांनी तपासण्या लिहून दिल्या: रक्तातलं सोडियम, मूत्रपिंड, थायरॉइड, बी-12, लघवी आणि ईसीजी. ईसीजी यासाठी की ही औषधं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. सगळं मिळून 2,650 रुपये. बी-12 कमी निघालं. एका कानात मळ घट्ट बसला होता, तो काढल्यावर आत्या निम्म्या प्रश्नांना तरी उत्तर द्यायला लागली.

मी विचारलं, मग रिस्पेरिडोनसारखी औषधं देतातच कशाला? त्यांनी न चिडता सांगितलं. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भासांनी घाबरून गेलं असेल, तर थोड्या दिवसांसाठी या गोळ्यांचा उपयोग होतो. पण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना त्या दिल्या तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर आणि 2008 मध्ये जुन्यांवरही छापायला लावला. सतरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांत 4.5 टक्के माणसं दगावली होती, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 2.6 टक्के. बरेच मृत्यू हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झालेले. पक्षाघाताचा धोकाही असतो. लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे, त्यात तर यांचा अगदी थोडा डोसही जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शनात म्हटलंय की चार आठवड्यांत गुण दिसला नाही तर गोळी उतरवत आणा, आणि गुण आला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघा. वृद्धांना कुठली औषधं शक्यतो देऊ नयेत याची बिअर्स यादी तर 1991 मध्ये मुळात नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्यांसाठीच तयार झाली होती. क्लोनाझेपामच्या जातीची औषधं त्या यादीत आहेत.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो तोवर कुणी विचारला नव्हता. "ओरडतात ते नेमकं किती वाजता?"

मी सेंटरला येऊन रात्रपाळीची वही मागितली. रात्रपाळीला चोवीस माणसांमागे एकच मावशी, तीच नोंद करायची. अक्षर गिचमिड, पण वेळ प्रत्येक ओळीत होती. पहाटे 3.45, दार ढकलते. पहाटे 4, आरडाओरडा, बाहेर जायचे म्हणते. 3.50, दार बडवते. पानंच्या पानं तीच वेळ. वही हातात धरून मी कॉटवर बसून राहिले. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा लोक गणपती बोळवून येऊन झोपले होते. आत्याच्या घराची दगडमातीची भिंत आत पडली, दार अडकलं. मामंजींनी पत्रा उचकटून तिला बाहेर काढलं. जाऊबाईंची दोन लेकरं तिच्या डोळ्यांदेखत गेली. त्यानंतर ती कित्येक महिने अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपली आणि पुढे आयुष्यभर पहाटे चारच्या आधी उठून बाहेर येऊन बसायची. घरात आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सेंटरच्या भरतीच्या फॉर्मवर लिहावं असं कुणाला सुचलंही नाही, आणि तसा रकानाही नव्हता. सेंटरमध्ये तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि रात्री दाराला बाहेरून कडी लावत होते.

डॉक्टरांनी एका पानावर योजना लिहून दिली. एका वेळी एकच औषध हलवायचं. जोडगोळी बंद करून दोन्ही औषधं सुटी द्यायची, म्हणजे एकेक कमी करता येतं. आधी रिस्पेरिडोन उतरवायची, मग ट्रायहेक्सीफेनिडिल, क्लोनाझेपाम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. हे मला मुद्दाम अधोरेखित करायचं आहे: झोपेच्या आणि चिंतेच्या या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यावर एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात. रागाच्या भरात पट्टी फेकून देऊ नका.

सेंटरने सुरुवातीला नकार दिला. "गोळी कमी केली आणि आज्जींनी रात्रभर जागवलं तर बाकीच्यांचं काय?" मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं. एका बाईने रात्री चोवीस जणांना कसं सांभाळायचं? माणसं कमी असली की गोळीच रखवालदार होते, आणि माझा राग त्या मावशीवर कधीच नव्हता. शेवटी असं ठरलं की पहिले तीन महिने रात्रीसाठी जादा बाई ठेवायची, तिचे महिना 4,000 मी द्यायचे. आत्याची खोली तळमजल्यावर, व्हरांड्याला लागून. कडी नाही. दिवा मंद चालू. पहाटे उठली की शाल घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवायचं आणि कपभर चहा द्यायचा. हे सगळं कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. समजा सेंटर अडूनच बसलं असतं तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही सरकारी हेल्पलाइन होती, पण तिथवर जावं लागलं नाही.

एप्रिलमध्ये रिस्पेरिडोन 2 ची दीड झाली. मेमध्ये एक, जूनमध्ये अर्धी, जुलैत बंद. मेच्या मध्यावर आत्याचा हात सैल पडला. घास स्वतः उचलायला लागली, आणि गिळताना ठसका लागणं कमी झालं, जे मला सगळ्यात मोलाचं वाटलं, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाची डॉक्टरांनी भीती घातली होती. ट्रायहेक्सीफेनिडिल ऑगस्टात सुटली, त्याबरोबर बद्धकोष्ठताही बरीच कमी झाली.

क्लोनाझेपामने मात्र घाम फोडला. गोळी पाव-पाव करून दर तीन-चार आठवड्यांनी कमी करायची होती. गोळी कापायचं छोटं यंत्र मेडिकलमध्ये 120 रुपयांना मिळतं, ते घ्याच. सुरीने तुकडे सारखे होत नाहीत. सप्टेंबरमध्ये निम्म्यावर आलो आणि आत्याची झोप उडाली. दोन रात्री सलग जागी, चिडचिड, हाताला कंप. रात्री अकराला सेंटरचा फोन आला, "पूर्ण गोळी देऊ का?" डॉक्टरांचा फोन बंद होता. मी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरला लावला. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, डोस आपल्या मनाने वाढवू नका, सकाळी डॉक्टरांना गाठा, आणि तोवर लघवी होतेय का, पोट साफ आहे का, कुठे दुखतंय का ते बघा. सकाळी डॉक्टर म्हणाले, मागे जायचं नाही, पुढेही नाही, आहे त्याच डोसवर महिनाभर थांबू. तसं थांबलो. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाव कमी केली आणि या वेळी तिला कळलंही नाही.

या काळात सेंटरने रोज चार गोष्टी लिहायच्या असं ठरलं होतं: रात्री किती झोप, दिवसा किती झोप, शौचाला झाली का, तोल गेला का. मी दर रविवारी त्या पानाचा फोटो मागवायचे आणि दर भेटीला डॉक्टरांपुढे ठेवायचे. "बरी आहे" किंवा "त्रास देते" यावर कुणीच डोस ठरवू शकत नाही, या पानावर ठरवू शकतं.

नऊ महिन्यांचा खर्च जादा बाईसकट साधारण 27,000 रुपये झाला, त्यात नांदेड-लातूर एसटी आणि रिक्षा धरलेली नाही. औषधांचं बिल मात्र महिना हजाराने उतरलं.

आत्याचा स्मृतिभ्रंश गेलेला नाही आणि जाणारही नाही. मला कधी माझ्या आईच्या नावाने हाक मारते. काही पहाटे अजूनही ओरडते. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की पुढे कधी भास फार वाढले तर थोड्या दिवसांसाठी गोळी पुन्हा लागू शकते. लागली तर देऊ, पण कशासाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे तक्त्यावर लिहून. सेंटरने आता सगळ्यांच्याच तक्त्यात 'का' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने वाढवले आहेत. आत्याची पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे.

बाजूच्या खोलीतल्या आजोबांच्या मुलीने माझ्याकडून अर्जाचा मजकूर मागून नेला. सेंटरसाठीचा तो मजकूर खाली देते, नावं-तारखा आपल्या घालाव्यात; दवाखान्याच्या अर्जात 72 तासांची ती ओळही जोडावी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या.

"माझी आत्या श्रीमती ... आपल्याकडे दिनांक ... पासून राहत आहेत. त्यांचा नामनिर्देशित प्रतिनिधी या नात्याने मी विनंती करते की, त्यांना आजवर दिलेल्या सर्व औषधांचा तक्ता, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पडल्याच्या नोंदी आणि रात्रपाळीच्या नोंदींच्या प्रती मला मिळाव्यात. प्रत्येक औषध कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या कारणासाठी व किती दिवसांकरिता सुरू केले, याची माहिती सोबत द्यावी. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे. तोवर कोणतेही औषध अचानक बंद करू नये, ही विनंती."